उलटं उमटलेलं वावर

"आमची हीर राम्याच्या वावरात कशी गेली, तेवढं सांगा दाजी," असं म्हणत काकासाहेबांनी चित्राची गुंडाळी चहाच्या कपाशेजारी पसरली.

दाजी म्हणजे धर्मराज. बदनापूरच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर आणि काकासाहेबांच्या बहिणीचे, कौसल्येचे, यजमान. दर हिवाळ्यात ते सागाच्या फळीवर एक देखावा कोरत, छापखान्यातली काळी शाई तिला फासत, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासत आणि निघालेली चित्रं नात्यागोत्यात वाटत. धुक्यातलं स्टेशन झालं होतं, शेकोटीभोवतीची म्हातारी माणसं झाली होती. यंदा, सत्त्याहत्तरच्या पौषात, त्यांनी हसनाबादचं सासुरवाडीचं शेत घेतलं. हुरड्याला आलेली ज्वारी, दवानं भिजलेला बांध, बांधाच्या एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला फळांनी लदबदलेली बोर. चित्र झकास होतं. फक्त विहीर आणि बोर यांची अदलाबदल झाली होती.

आणि नेमकं तेच या घरात चालण्यासारखं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात पाण्यावरून भावाभावांत वाजलं, वाटणी झाली. विहीर थोरल्या काकासाहेबांकडं गेली, बोर धाकट्या रामकिसनकडं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रामकिसनचे बैल विहिरीवरून पुढं नाल्यावर पाण्याला जात, आणि ज्या बोरीवर लहानपण काढलं तिच्याखालून काकासाहेब मान खाली घालून जात.

मधल्या मध्ये हाल कौसल्येचे. हुरडा भाजायची गोवऱ्यांची आगटी दोन्ही भाऊ वेगवेगळी पेटवत आणि बहिणीला दोन्हीकडं बसावं लागे. सकाळी दादाकडं, दुपारी रामकिसनकडं. एकीकडं मूठभर कमी खाल्लं तरी दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा. पोट दुखायचं ते दुखायचंच, पण मन त्याहून जास्त दुखायचं. दोघं एका आगटीभोवती बसलेले पाहायला मिळावेत, एवढंच तिला हवं होतं. दिवाळीतच तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं की यंदा हुरड्याला जायचंच नाही. धर्मराज तेव्हा फळी तासत होते.

आता रामकिसनही समोर बसला होता. थोरला गुंडाळी काखेत मारून निघाला हे पाहून तोही त्याच एसटीत चढला होता. एक ड्रायव्हरच्या मागं, दुसरा पार शेवटच्या बाकड्यावर, असे ते बदनापूरपर्यंत आले होते.

काकासाहेबांचं म्हणणं असं की हे चित्र पाहून शेजारच्या संपतनं चारचौघांत विचारलं, हीर कधी दिली धाकट्याला? धर्मराजांनी मान खाजवली. फळीवर जे डावीकडं कोरतो ते कागदावर उजवीकडं उमटतं, म्हणून सगळं उलटं कोरावं लागतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. यंदा विसरलो, वय झालं म्हणा, असंही म्हणाले. नवी फळी कोरून देतो म्हणाले.

तेव्हा रामकिसन भिंतीकडं पाहत कौसल्येला म्हणाला, "अक्का, सांग त्यांना. हीर माझ्याकडं आली, तर बोर बी त्यांच्याकडं गेली. मी वरडून राह्यलो का?"

काकासाहेबांनी चष्मा चढवला. दोन दिवस त्यांना चित्रात नुसती विहीर दिसत होती. बोर त्यांनी आत्ता पाहिली. आपल्या वावरात, आपल्या बांधाला लागून, सावलीसकट. ते बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिले.

"बोरं लागली का रे यंदा?"

हा प्रश्न कौसल्येमार्फत गेला नाही. सरळ रामकिसनला गेला. चहा गाळता गाळता तिचा हात थांबला.

"लई लागली," रामकिसन म्हणाला. "पण खातंय कोण? पोरान्ला आंबट लागतेत. ती तुम्हालाच गोड लागायची."

काकासाहेब खाकरले. "बैलान्ला नाल्यावर कशाला नेतो मंग? हीर काय आटली न्हाई."

कौसल्येला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. दोघं भाऊ गडबडले. मग काकासाहेबांनीच सगळं ठरवलं. येत्या ऐतवारी हुरडा, आगटी एकच, बोरीखाली. पाणी विहिरीचं. दाजींनी नवी फळी कोरायचं बिलकुल कारण नाही, आहे तेच चित्र बराबर आहे. परतीच्या एसटीत दोघं एकाच बाकड्यावर बसले, आणि खिडकीपाशी कोणी बसायचं यावरून गाडी हलेपर्यंत वाद घालत होते.

गाडी गेल्यावर कौसल्या घरी आली. धर्मराज अंगणात रॉकेलनं हातावरची शाई काढत बसले होते.

"इतक्या वर्षांत कधी चुकला नाहीत. यंदाच कसं विसरलात?" तिनं विचारलं.

"वय," ते मान वर न करता म्हणाले.

ती चित्र उचलायला आत गेली. विहीर उलट्या बाजूला होती, बोर उलट्या बाजूला होती, बांधाचं वळणसुद्धा उलटं होतं. आणि खालच्या कोपऱ्यात, उलटं कोरायचं विसरलेल्या माणसाचं नाव अगदी सुलटं, पहिलीतल्या पोरालाही वाचता येईल असं उमटलं होतं.