बिघडलेली शांतता

गटार साफ करताना गुदमरून मेलेल्या पुंजा साबळेवरचा ज्ञानेशचा माहितीपट इंदिरानगरच्या सभागृहात संपला. ज्यांच्या कागदोपत्री पुंजा ‘पाय घसरून’ मेला होता, त्या अधिकाऱ्यांनीही उभे राहून टाळ्या वाजवल्या.

पुंजाची बायको सुवर्णा चार वर्षांच्या मुलीचा हात धरून ज्ञानेशपाशी आली.

“दादा, आमच्या मालकांचं हसू कुठं गेलं?”

“कोणतं हसू?”

“मुलाखत झाल्यावर तुम्ही म्हनले, एक मिनिट कोनी बोलू नका, खोलीची शांतता भरून घ्यायचीय. तवा ह्यांना हसू आवरंना. तुम्ही लय चिडले व्हते. ही तवा पोटात व्हती. आज बाप ऐकला हिनं, पन नुसता खोकला आन् गाऱ्हाणं.”

ज्ञानेशने लॅपटॉप उघडला. संकलनात बोलण्यामधल्या मोकळ्या जागा भरायला प्रत्येक मुलाखतीनंतर तो अशी मिनिटभर शांतता ध्वनिमुद्रित करी. बिघडलेली असेल ती ‘निरुपयोगी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकी. पुंजाची तिथेच सापडली. त्याने ती लावली. काही क्षण स्तब्धता, मग फुटलेले हसू, मग ज्ञानेशचेच खेकसणे.

“परत लावा ना, काका,” मुलगी म्हणाली.

ज्ञानेशची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर खिळली होती. वीस वर्षांतल्या, हसण्याने बिघडलेल्या एकेचाळीस शांतता तिथे नावानिशी पडून होत्या. ‘वास्तवाचे निर्भीड चित्रण’ म्हणून गौरवलेल्या त्याच्या नऊ माहितीपटांत मात्र कोणीही, एकदाही हसले नव्हते.