एक टाका जास्त
बाबा गेल्यावर त्यांच्या बिघडलेल्या कॅमेऱ्यातून एकच फोटो निघाला, तोही नुसत्या आकड्यांची रांग होऊन; एकेक आकडा म्हणजे फोटोतला एकेक ठिपका. एका ओळीत आकडे किती, ही नोंदच पुसली गेलेली. मी संगणकावर पायथन भाषेत अंदाजाने रांग मोडून ओळी पाडत होते. पडद्यावर तिरके पट्टेच उमटत. “आकडे सगळे हजर आहेत गं आई, बाबाच दिसत नाहीत.” आईने विणकामाच्या सुया खाली ठेवल्या. “नक्षी डावीकडे घसरतेय. ओळीमागे एक टाका जास्त घेतलायस.” मी हसले, तरी ओळीतला एक आकडा कमी केला. पट्टे झटक्यात सरळ झाले. बाबा! आईने विणलेल्या स्वेटरमध्ये, हसत उभे. मी ओरडलेच. आईचं बोट त्यांच्या मनगटापाशी थांबलं होतं. बाही दोनदा दुमडून पिनेने अडकवलेली. “म्हणजे लांब झाली होती,” ती पुटपुटली. “बारा हिवाळे घातला, बोलले नाहीत कधी.”