दुसरा नमुना

"पडदे नेहमी असे लावूनच ठेवतोस का?" रवींद्रनं विचारलं.

"ऊन नको वाटतं, डॉक," टेरेन्स प्रुइट सोफ्यावरून म्हणाला.

बाहेर न्यू जर्सीतली जूनची लख्ख दुपार होती आणि आत दिवेलागणीसारखा अंधार. टेरेन्सचे डोळे लाल होते. रवींद्रनं मनातल्या मनात नोंद केली. नागपूरहून येऊन पंचवीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढल्यावर तो आता खेळाडूंच्या घरी जेमतेम तासभर आधी कळवून जाऊन लघवीचे नमुने गोळा करायचा. नमुना देताना समोर उभं राहून बघावं लागे. तो डॉक्टर नव्हता, पण इतक्या जवळून बघणारा दुसरा कोण असणार, असं म्हणत सगळे खेळाडू त्याला डॉकच म्हणायचे.

टेरेन्स अमेरिकन फुटबॉल खेळायचा. धावत येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवं करणं हे त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी, २००४ साली, तो गांजाच्या तपासणीत सापडला आणि चार सामने घरी बसला. आता पुन्हा नापास झाला तर अख्ख्या वर्षाची बंदी होती.

"आज तारीख काय?" फॉर्म भरताना टेरेन्सनं विचारलं.

"बावीस."

सही करायच्या जागी त्याचा हात थांबला. "तारीख काय म्हणालात?"

"शुद्धीवर आहेस ना रे?"

स्वयंपाकघरातून त्याची आई बाहेर आली. लोरेटाबाई. हातात पुसायचं फडकं. "माझा मुलगा ओढत नाही, मिस्टर. चर्चमध्ये सगळ्यांसमोर शपथ घेतलीय त्यानं."

रवींद्र नुसता हसला. मुलं आईला काय काय सांगतात, हे त्यालाही एक मुलगा असल्यामुळे ठाऊक होतं.

नमुना घेतला. रवींद्रनं दोन थेंब काचेवर टाकले आणि लघवीचा घट्टपणा दाखवणारी नळी डोळ्याला लावली. नमुना जवळजवळ पाणीच होता. टेबलाखाली पाण्याचे दोन मोठे कॅन रिकामे पडले होते.

"पाणी फार प्यायलास."

"उकडतंय."

"एसी चालू आहे."

टेरेन्सनं पायानं एक कॅन आणखी आत सारला.

काही सापडू नये म्हणून ओढणारे असंच पाणी ढोसून बसायचे. त्यामुळे नियमच होता, पातळ नमुना म्हणजे नापास. मात्र सील करण्याआधी घेणाऱ्याला वाटलं, तर तो थांबून दुसरा नमुना घेऊ शकत असे.

"पाठवून द्या डॉक तोच," टेरेन्स म्हणाला. "सही कुठे करू?"

रवींद्र चमकला. नापास व्हायला एवढा राजी? म्हणजे घट्ट नमुन्यात याहून वाईट काहीतरी निघणार. गांजा परवडला, असं काहीतरी.

"मी थांबतो," तो म्हणाला.

"तीन-चार तास लागतील."

"लागू देत. आता पाणी बंद."

टेरेन्सनं आईकडे पाहिलं. लोरेटाबाईंनी तोंड उघडलं, मग मिटलं आणि त्या आत गेल्या. हिलाही माहीत आहे तर, रवींद्रला वाटलं.

फोन वाजला. कांचन.

"अहो, कुठे आहात? बुवांचा पूर्वरंग सुरू होतोय. पेटीवर कोण बसणार?"

"आपल्या निहारला बसव."

"त्याला? बुवा काळी चारमध्ये गायला लागले की हा काळी एकवर बसून राहतो! वर्षभर वाट बघितलीत ना या कीर्तनाची?"

"बघितली. पण अडकलोय. उत्तररंगाला पोचतो."

पोचणार नव्हताच. कीर्तनाचा आयसेलिनमधला हॉल इथून तासाभरावर होता.

आत लोरेटाबाईंनी टेप लावली. त्यांचे पाद्री प्रवचन सांगत होते. सांगता सांगता आवाज चढला, वाक्यांना लय आली आणि बघता बघता बोलण्याचं गाणं झालं. मागून ऑर्गन साथीला उभा राहिला. रवींद्रची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली.

"तुमच्याकडे असतं असं?" दारातून त्यांनी विचारलं.

"अगदी असंच! आज आहे, या घडीला."

"मग तुम्ही इथे कशाला बसलात?"

रवींद्रला एकदम लाज वाटली. अशा सुरांत वाढलेल्या पोरावर आपण किती संशय घेतला! शपथ खरी असेल, तर केवळ पाण्यापायी त्याचं वर्ष जाईल. आता तर थांबायलाच हवं.

"तुमच्या मुलासाठी," तो म्हणाला.

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

चार तासांनी दुसरा नमुना मिळाला. घट्ट, पिवळाजर्द. सही करताना टेरेन्सनं डोळे मिटून घेतले. मघाचा संशय रवींद्रच्या मनात पुन्हा फणा काढून बसला.

तीन आठवड्यांनी निकाल कळला. नमुना स्वच्छ होता. त्यात काही म्हणजे काही नव्हतं.

"एक कीर्तन हुकलं," त्या दिवशी तो कांचनला म्हणाला, "पण एका आईचं पोर वाचलं बघ."

जुलैअखेर सराव शिबिर सुरू झालं आणि रवींद्रला तिथे नमुने घ्यायला पाठवलं. कुंपणाशी माणसांची गर्दी होती. तिच्यात लोरेटाबाई दिसल्या.

मैदानात दोन हेल्मेट एकमेकांवर आदळली. आवाज कुंपणापर्यंत आला. टेरेन्स उशिरा उठला आणि चालत चालत समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कुणीतरी हसत त्याला खांद्याला धरून वळवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"त्या दिवशी मी थांबलो म्हणून बरं," रवींद्र त्यांच्या शेजारी जाऊन म्हणाला. "नाहीतर वर्ष गेलं असतं त्याचं."

लोरेटाबाईंनी मैदानावरची नजर काढली नाही.

"ते वर्षच तर हवं होतं त्याला. गांजावाल्याला हे लोक वर्षानं परत घेतात, मिस्टर. डोक्याला मार बसलेल्याला कुणी घेत नाही."