खंडावरचा एकमेव धूर

भावानं ओंजळीत दिलेल्या लाह्या इरावतीनं होमात टाकल्या आणि तिच्या मनगटावरचं यंत्र कोकलायला लागलं. पाध्ये गुरुजी मंत्रच विसरले.

कॅनडात दर उन्हाळ्यात जंगलं पेटत. उपग्रह प्रत्येक धुराचा उगम हुडकत आणि कुणी अडवलं नाही, तर पाण्याचं विमान आपोआप सुटे. ते अडवायचं की सोडायचं, हे बघायचं काम इरावतीचंच, पण आज ती नवरी होती.

“इरा, तुमच्या गावात नवी आग!” आज तिच्या जागी कामावर बसलेला मार्टिन यंत्रातून ओरडला. “विमान निघतंय!”

“अरे, थांबव! माझ्या लग्नाचा होम आहे तो. एवढासा धूर तुला दिसलाच कसा?”

“कारण दुसरा धूरच उरला नाही.” विमान थांबवलं, तसा मार्टिनचा आवाज मऊ झाला. “शेवटचा वणवा आज सकाळी विझला. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत अख्खा खंड स्वच्छ आहे. फक्त तुझा एक ठिपका.”

अंगणातल्या मांडवात एकच जल्लोष झाला. आजोबांनी उन्हाळाभर तोंडावर असलेला मास्क काढून भिरकावून दिला.

“नोंद तर करावी लागेल,” मार्टिन म्हणाला. “कधी विझवताय?”

इरावतीनं शेजारी उभ्या नवरदेवाकडे, श्रीरंगकडे पाहिलं आणि दुसरी ओंजळ पुढे केली.

“लिही, ही विझवायची नाहीये.”