नेहमीची खिडकी

विमानाच्या दारातच हवाईसुंदरी माझ्या नवऱ्याकडे बघून हसली. “या साहेब, तुमची नेहमीची खिडकी ठेवलीय.” कामानिमित्त तो सतत याच कंपनीच्या विमानाने फिरतो, म्हणून हा मान. मी आज पहिल्यांदाच सोबत होते, मागे पिशव्या सांभाळत. बसताच तिने न मागता त्याच्या कमरेमागे उशी सरकवली, विमान उडाल्यावर बिनसाखरेचा चहा ओतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची कंबर, त्याची साखर, हे माझं खातं होतं. “आणि मॅडमना?” “हिला कॉफी,” नवऱ्याने परस्पर सांगून टाकलं. कॉफीने माझं पित्त उसळतं, हे आमच्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. माझा चेहरा पाहून तिने उचललेली किटली हळूच खाली ठेवली. “तुम्हाला काय आवडतं?” “चहा. दोन चमचे साखर,” मी म्हणाले. “आणि लक्षात ठेव हं पोरी, यापुढे मीही नेहमी येणार आहे. एकटीच.”