भिंतीवरची रेषा

पोलिसांनी रामटेककडच्या जंगलातून आणलेलं मांडीचं हाड मी मोजलं आणि सूत्राने निघालेली उंची नागपूरच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर खडूने आखली. बेपत्ता मुलाची आई शेजारी उभी होती. "मावशी, तुमचा मुलगा केवढा उंच होता?" "होता काहून म्हनता, बाई? आहे म्हना. फूटगीट मले समजत नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवाले टाचा उचला लागते." तिने भिंतीशी जाऊन टाचा उचलल्या. तिचा तळवा रेषेच्या वीतभर वर टेकला. सूत्र चुकलं तरी दोन बोटांनी चुकतं. "हा तुमचा मुलगा नाही." ती मटकन खाली बसली, हसली, रडली. मग उठून रेषेपाशी आली. "हे कोनाचं लेकरू आहे वं, बाई?" तिने रेषेवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. हाडाऐवजी रेषेखाली मान तुकवून उभा असलेला माणूस मला दिसला.