करंगळी

“बूट इथेच काढा आणि मग आत या,” रुचिरा म्हणाली.

“मोजे राहू देत ना?” शर्मिष्ठाने विचारलं.

“नाही हं. मुलं सकाळपासून अनवाणीच आहेत. आता तुमची पाळी.”

शर्मिष्ठाने मोजे काढून बुटात कोंबले आणि डावा पाय गवतात दडवला.

मुलुंडच्या त्या बागेत रुचिरा विशेष मुलांची कार्यशाळा घेत होती. पानं, बिया, काटक्या, माती यांतून प्रत्येक मुलाने झाडाखाली आपापलं घर मांडलं होतं. तोवर पालक फाटकाबाहेर होते. आता परीक्षा त्यांची होती. आपल्या मुलाचं घर ओळखायचं आणि त्याच्यापाशी जाऊन उभं राहायचं. मुलं समोरच्या पारावर बसली होती. त्यांनी काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. तसंही त्यातली निम्मी मुलं बोलत नव्हती.

पारावर एका टोकाला शर्मिष्ठाचा मुलगा देवव्रत बसला होता. वय अकरा. कानांवर हात ठेवून तो मागे-पुढे डुलत होता.

शर्मिष्ठा पहिल्याच घराशी थबकली. सारख्या लांबीच्या काटक्यांच्या भिंती. छपराला पानं, हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत आणि पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत, रंग कुठे बदलला ते कळू नये अशी लावलेली. आणि दारातून आत जाणारी पावलं. तळव्याला जांभळाचं पान, बोटांना बकुळीच्या पाच बिया.

“गौरीची पावलं!” ती म्हणाली. “रुचिरा, हे तुम्ही केलंय का? मुलांना दाखवायला?”

“मी कशालाच हात लावलेला नाही. ओळखा ना.”

“ज्याचं असेल त्याची आई नशीबवान.”

तिने मोबाइल काढून फोटो घेतला. मग तिचं लक्ष दाराबाहेरच्या पहिल्या पावलाकडे गेलं. पाचवी बी घसरून चौथीवर चढली होती. गणपतीत पाटापुढची रांगोळी कुणाच्या पायाने विस्कटली की ती जाता जाता नीट करायची, तशीच ती वाकली आणि बोटाने ती बी उतरवून रांगेत बसवली. पारावरून बारीक हुंकारल्यासारखा आवाज आला. तिने वर पाहिलं नाही.

पुढे दोन घरं होती आणि त्यांच्याही पलीकडे एक ढीग. माती, पालापाचोळा, मोडक्या काटक्या, एक उलटी टोपली. शर्मिष्ठा सरळ तिकडे गेली आणि ढिगाशेजारी उभी राहिली. शाळेच्या प्रत्येक प्रदर्शनात तिच्या चेहऱ्यावर एक हसू असायचं. तेच तिने आणलं.

“आमचा म्हणजे हा असाच,” ती रुचिराला म्हणाली. “त्याला नाही जमत हे मांडणं वगैरे.”



“अवो, व्हा बाजूला! आमच्या घरात कुठे शिरलात?” मागून प्रेमाताई आल्या. घाटकोपरहून मुलीला घेऊन आल्या होत्या आणि फाटकाबाहेर त्यांनीच सगळ्यांना चहा पाजला होता. “माझ्या तेजलचं हाय ते.”

“तुम्हाला... नक्की?”

“म्हंजे काय! टोपली पालथी घातल्याशिवाय आमच्या बाईसाहेबांचं कुठलंच काम पुरं होत नाय. आणि ही बघा.” त्यांनी ढिगात हात घातला आणि एक लाल क्लिप बाहेर काढली. “सकाळी केसांत लावलीवती मी. घरात ठेवून दिली बयेने.” त्या पाराकडे बघून ओरडल्या, “तेजू, झकास बांधलास गं बंगला!” तेजलने दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवल्या.

शर्मिष्ठा बाजूला झाली. मधल्या दोन्ही घरांशी आईवडील उभे होते. एकजण मुलाला हाका मारत होता.

पहिल्या घरापाशी कोणी नव्हतं.

ती परत निघाली. तेवढं अंतर चालायला तिला फार वेळ लागला. रुचिराने काही बोलावं, निदान हसावं, असं तिला वाटलं. रुचिरा मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मोबाइल अजून शर्मिष्ठाच्या हातातच होता. तिने तो खिशात टाकला.

घरापाशी येऊन ती खाली बसली. आता तिने पावलं ओळीने पाहिली. दारातलं डावं. त्याच्या आतलं डावं. त्याच्याही आतलं. प्रत्येक डाव्या पावलाची पाचवी बी उचलून चौथीवर ठेवलेली होती. उजव्या पावलांच्या बिया सरळ रांगेत. एकच डावं पाऊल वेगळं होतं. ते तिने नीट केलेलं.

देवव्रत पारावरून उतरून आला. तिच्याकडे न बघता शेजारी उकिडवा बसला.

“देवू,” ती म्हणाली.

त्याने ती बी उचलली आणि शेजारच्या बीवर ठेवली. बी घसरली. त्याने पुन्हा ठेवली. मग त्याने तिच्या डाव्या पायावरचं गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं, वाकून शेजारच्या बोटावर चढलेल्या करंगळीकडे नीट पाहिलं, आणि बी अजून थोडी आत सरकवली.